वीटसंदेश

राज्यातल्या आठवीच्या वर्गांत त्या वर्षी एकही मूल सिगारेट ओढत नव्हतं. याचं श्रेय डॉ. केतकी सबनीस यांच्या चाळीस सेकंदांच्या एका चित्रफितीला जात होतं.

आधीच्या जाहिराती सडलेली फुप्फुसं दाखवून घाबरवत. पण तेरा वर्षांच्या पोराला पन्नाशीतल्या मरणाची भीती कशी वाटणार? केतकीने भीती सोडून शिसारी धरली. एकदा शिळी बासुंदी बाधली की पुढे वर्षानुवर्षं तिच्या वासानेही पोटात ढवळतं. मेंदू हा धडा एकाच खेपेत शिकतो. चित्रफीत पाहताना कानातल्या यंत्रातून सूक्ष्म स्पंदनं जात आणि धुराशी तशीच मळमळ कायमची जोडून टाकत. केतकी याला ‘वीटसंदेश’ म्हणे.

एका दुपारी बार्शीचे भगवान परदेशी तिच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत आले. त्यांची फुटाणे-मुरमुरे भाजायची भट्टी होती. तेरा वर्षांची तेजल, त्यांची मुलगी, बाहेर बाकावरच बसून राहिली.

“संमतीच्या कागदावर मीच सही केली, डॉक्टरबाई. आमचे वडील विडीपायी खोकून खोकून गेले. म्हटलं, पोरगी तरी सुटंल. पण तवापासनं मी भट्टीवरनं घरी आलो की ती उलट्या करायला लागली.”

केतकी चपापली. तंबाखूचा धूर आणि भट्टीचा धूर यांत मेंदूने फरकच केला नव्हता.

“काही दिवस भट्टी बंद ठेवून पाहा.”

“सहा महिने झाले. वडिलांच्या हातची भट्टी, फोडून टाकली. घराला रंग दिला, कपडे नवे घेतले. तरी मी दारात दिसलो की पोरगी तोंड दाबून मोरीकडं पळते. आता धूर कुठाय?”

“आता धुराची गरज उरली नाही,” केतकी हळूच म्हणाली. “रोज धूर आणि तुम्ही एकदमच घरात यायचात. तिच्या मेंदूने ती मळमळ तुमच्या चेहऱ्याशी जोडली.”

“म्हंजे माझाच वीट आला तिला?”

“तिच्या हातात नाही हो ते.”

“मग पुसून टाका की.”

“पुसला जाऊ नये असाच बनवला होता मी तो.”

भगवानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “भट्टी सोडली,” ते म्हणाले. “आता काय सोडू?”

केतकीने वीटसंदेशानंतर घेतलेल्या पाहणीचे कागद पुढे ओढले. अशी आणखी किती घरं असतील? तिच्या पाहणीत सगळे प्रश्न सिगारेटचेच होते.

ते गेल्यावर ती खिडकीशी आली. समोरच्या बसथांब्यावर एका जाड खांबाला टेकून तेजल उभी होती. पलीकडच्या बाजूला, तिला दिसणार नाहीत असे, भगवान टेकले होते. दोघांच्याही कानाला फोन होता. भगवान काहीतरी सांगत होते, आणि तेजल खळखळून हसत होती.