कबरीच्या नळीत ओतलेली वाइन

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण मला शहाणपण शिकवायला येऊ नका. मी शेजारी राहते, आणि यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ईस्टरनंतरचा सोमवार होता. त्या दिवशी नेपल्समध्ये जो घरात बसून जेवतो, तो एकतर आजारी असतो नाहीतर भांडलेला. माझी शेजारीण रोझाल्बा तिच्या वडिलांना, डॉन अल्फोन्सोंना, घेऊन समुद्राकडच्या रोमन अवशेषांत गेली होती.

म्हाताऱ्याचं हृदय त्या हिवाळ्यात जवळजवळ बंदच पडलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. रोझाल्बाला आई नाही, भावंड नाही, लग्न केव्हाच मोडलेलं. पापा गेले तर ती एकटी पडणार होती, आणि त्या विचारानेच तिची झोप उडाली होती.

सकाळ मजेत गेली. म्हातारा काठी टेकत भिंती बघत होता.

"बघ पोरी, दोन हजार वर्षं झाली, वीट हललेली नाही. आणि आपल्या जिन्याचं प्लास्टर मागच्या वर्षीचं."

"तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला कधी गेलात का पापा? नुसतं बोलायचं."

दुपारी ते टोकाला, जुन्या कबरींच्या रांगेत आले. छोट्या घरांसारख्या कबरी. दाराशी विटांचे कट्टे. मेलेल्याच्या सोबत बसून जेवायला त्या लोकांनीच बांधलेले.

आजूबाजूला माणसंच माणसं होती. कुणी निखाऱ्यावर आर्टिचोकची बोंडं भाजत होतं, कुणी गिटार वाजवत होतं, पोरं बॉल खेळत होती. यांनीही एका कट्ट्यावर टोपली उघडली. अंडी खोचलेला ईस्टरचा पाव, सलामीच्या मांसाचे काप, ओल्या शेंगा, वाइन.

कट्ट्याच्या पायथ्याशी जमिनीत एक मातीची नळी होती. काळी, खोल जाणारी.

"ही कसली हो?"

"खाली जो पडलाय त्याला वाइन पाजायची. मेल्यावरही प्यायला मिळत असेल तर मी उद्याच तयार आहे बघ."

रोझाल्बाला तो विनोद झोंबला. जेवून म्हाताऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि भिंतीला टेकून घोरायला लागला.

आमच्याकडे बेवारस मेलेल्यांना दत्तक घ्यायची रीत आहे. चर्चच्या तळघरात कवट्यांचे ढीग आहेत. त्यातली एक निवडायची, पुसायची, फुलं वाहायची, आणि आपलं काम सांगायचं. माझ्या आजीचीही एक होती.

पण त्या कवट्या आपल्या. येशूचं नाव घेत गेलेल्या. हा खालचा कोण, कुठला, कुठल्या देवाचा...

रोझाल्बाने एवढा विचार केला नाही. तिने उरलेली वाइन नळीत ओतली आणि वाकून हळूच म्हणाली, "तुझं कुणी नाही ना? आजपासून मी आहे. दर वर्षी येईन. माझ्या वडिलांना सांभाळ. सोडू नकोस त्यांना."

आणि नळीतून आवाज आला...

झिरपल्याचा नाही.

घोट घेतल्याचा.

ती दचकून मागे सरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, गिटार थांबलीय. बॉलचा आवाज नाही. पोरं नाहीत. निखारे धुमसत होते, पण त्यांच्याभोवती कुणीच नव्हतं.

"पापा, उठा. निघू या."

ती पुढे, म्हातारा मागे. वाट सरळ फाटकाकडे जाणारी. फाटकापाशी पोचताच गिटार पुन्हा ऐकू आली, माणसं दिसली. तिचा जीव भांड्यात पडला. तिने मागे वळून पाहिलं...

पापा नव्हते.

ती धावत परत आली. ते त्याच कट्ट्यावर बसलेले.

"परत का आलात?"

"मी कुठे परत आलो? तुझ्याच मागे चालत होतो."

दुसऱ्यांदा तिने त्यांचा हात घट्ट धरला. फाटक आलं आणि तिची मूठ रिकामी होती. तिसऱ्यांदाही तेच. ती जाऊ शकत होती. ते नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पोरी, माझा दुसरा हात कुणीतरी धरलाय."

"दुखतंय का?"

"नाही गं. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देतात ना, तसा धरलाय."

तेव्हा तिला उमगलं. ती नळीपाशी गुडघ्यांवर बसली आणि रडत म्हणाली, "अरे बाबा, इथे नको. घरी. घरी सांभाळ त्यांना."

त्यानंतर ते दोघं सहज बाहेर पडले.

पुढच्या तपासणीत डॉक्टर चक्रावले. हृदय तरण्या माणसासारखं चालत होतं. रोझाल्बाने जिन्यातल्या सगळ्या घरांना मिठाई वाटली. मीही खाल्ली.

मग एके सकाळी म्हातारा खाली कॉफी प्यायला निघाला. मी जिन्यातच होते. त्याने दार उघडलं, माझ्याकडे बघून टोपी उचलली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं...

आणि त्याची हाक आतून आली. स्वयंपाकघरातून.

पुढे आम्ही काय काय केलं नाही. माझ्या दोन दांडग्या पुतण्यांना बोलावून मी त्याला खुर्चीसकट उचलायला लावलं. जिन्यात आली ती रिकामी खुर्ची. पुतणे पुन्हा फिरकले नाहीत. पाद्रीबाबा येऊन पाणी शिंपडून गेले.

त्याला वर्षं लोटली. म्हाताऱ्याचे सगळे मित्र गेले. एकाच्याही अंत्ययात्रेला त्याला जाता आलं नाही. तो खिडकीतून टोपी काढायचा.

"पोरी," तो म्हणायचा, "त्याला सांग, पुरे झालं. सोड म्हणावं."

पण सोड म्हणजे काय, ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

या ईस्टरला रोझाल्बा ते सांगायला तयार झाली. सकाळी म्हाताऱ्याने गुळगुळीत दाढी केली, निळा सूट चढवला आणि दाराकडे तोंड करून बसला. तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "नीट सांग हं."

मी तिच्यासोबत गेले. तिने नळीत सगळी बाटली रिकामी केली. खालून तो आवाज आला... मीही ऐकला. ती वाकली. ओठ हलले, पण शब्द फुटेना.

मग ती म्हणाली, "सांभाळ."

आम्ही घरी आलो तेव्हा म्हातारा अजून तसाच बसला होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हळूहळू टाय सोडला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोललेला नाही.

आत्ता भर दुपार आहे. भिंतीपलीकडे दार उघडतंय, बंद होतंय, पुन्हा उघडतंय. मग चालण्याचा आवाज. काठी टेकत एक जण... आणि त्याच्या बरोबरीने, अगदी सावकाश, आणखी एक जण.

रोझाल्बा कामावर गेलीय.