निळा फटकारा

किमयाने मोराच्या पिसाऱ्याला निळा रंग दिला, मागे न बघताच हात लांब केला आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवर ब्रश खसकन पुसला. रोजचीच सवय. फक्त आज तिथे फळी नव्हती.

"ते चित्र आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. दारात एक उंच तरुण उभा, हातात शाडूच्या मातीची पिशवी, आणि चेहऱ्यावर राग असायला हवा तिथे चक्क हसू. तिने पुन्हा पाहिलं. करडे, पांढरे, पिवळट पट्टे... गणपतीच्या कारखान्यातल्या फळीवर याहून वेगळं काय असतं?

"कसलं चित्र?" तिने ओशाळून विचारलं.

"मलाही अजून कळलं नाय. तुम्हाला कळलं तर सांगा."

तो हर्षद, रोह्याचा. कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात अशी बिनआकाराची चित्रं काढायचा. रंगात कालवायला शाडू हवी म्हणून अर्धवट चित्र सोबत घेऊनच पेणला आला होता. मग दर सुटीला रोह्याच्या गाडीने येऊ लागला. एवढी माती कुणाला लागते, असं किमयाचे काका, कारखान्याचे मालक दिनानाथ, मिशीतल्या मिशीत हसत विचारायचे.

किमयाला मात्र हसू येत नव्हतं. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडे होती. गेल्या वर्षी एका मंडळाच्या गणपतीचा डोळा जरा तिरका गेला, लोक नको नको ते बोलले, आणि तेव्हापासून डोळ्याशी ब्रश नेला की तिचा हात थरथरायचा. यंदाच्या मूर्ती रंगून उभ्या होत्या, सगळ्या बिनडोळ्यांच्या.

"होत नसंल तर सांग गो," काका शेवटी म्हणाले. "आखणी शेजारच्या नितेशला देऊ." ते मायेनं म्हणाले, म्हणून तर जास्त लागलं. आखणी गेली तर मग आपण कोण, हेच तिला कळेना.

हे सगळं तिने हर्षदला का सांगितलं, कोण जाणे. तो इतकंच म्हणाला, एकदा रोह्याला या.

ती गेली. कुंडलिकेच्या काठावर त्याची खोली, बाहेर भुरभुर पाऊस, आणि आत भिंतभर एक चित्र, सकाळच्या खाडीवरच्या धुक्यासारखं करडं. तिची नजर सवयीने डोळे शोधत फिरली. सापडेनात.

"कुठे बघायचं?"

"कुठेच नाय... नुसतं बसायचं."

ती बसली. आधी लोकांचं बोलणं आठवलं, मग काका आठवले, मग हळूहळू आठवणंच थांबलं. स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. देवापुढे हात जोडूनही जे जमलं नव्हतं, ते या नाव नसलेल्या रंगापुढे आपसूक जमत होतं. शेजारी हर्षद कोऱ्या कॅनव्हासवर रंग पसरत होता. त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. इतका निवांत माणूस तिने पाहिला नव्हता, आणि तो तिला आवडला, अगदी मनापासून आवडला. त्याने ब्रश तिच्यापुढे धरला.

"घ्या. इथे चुकायला काय नाय."

दुसऱ्या दिवशी ती मूर्तीपुढे बसली. हर्षद दाराशी मातीच्या गोणीवर बसला होता. तिने डोळ्याच्या जागेकडे पाहिलंच नाही. त्या करड्या रंगाकडे पाहावं तसा सगळा चेहरा पाहत राहिली. मन शांत झालं तेव्हा ब्रश उचलला. रेघ सरळ उतरली. मग दुसरी.

"बघतोय गो तो," काका मूर्तीकडे पाहत पुटपुटले आणि डोळे टिपत बाहेर गेले.

हर्षदने सोबत आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ते पहिलं चित्र वळवलं. करड्या रंगाच्या मधोमध तिचा निळा फटकारा तसाच होता.

"हे पुसलं नाहीस?" 'तुम्ही' कधी गळालं, तिलाही कळलं नाही.

"पुसायला गेलो होतो... मग बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच येत गेलं. कसलं चित्र, विचारलं होतंस ना? तुझं आहे." त्याने तिचा रंगाने माखलेला हात हातात घेतला. "बरा झाला ना हात?"

हात थरथरत होता.

"मूर्तीपुढे झालाय," ती म्हणाली. "तू धरलास की नाय."

आणि तिने तो काढून घेतला नाही.