नाव घातलेली भांडी

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बिऱ्हाड न आणलेले कारकून आले. पाऊस तेवढा यायचा राहिला. शिवकांताच्या डोक्यात खानावळ घोळू लागली ती तेव्हापासून. भाकरी-वरणाला गिऱ्हाईक दारात उभं होतं, खोलीही भाड्यानं मिळाली होती. नव्हती ती भांडी, आणि भांडी नवऱ्याच्या घरात अडकली होती.

नवरा आता नावालाही नवरा राहिला नव्हता. कोर्टानं काडीमोड दिला आणि मन्मथनं दुसरं लग्नही उरकलं. घर सासऱ्याच्या नावावर, दुकान दिराच्या नावावर, तिचं सोनं म्हणे धंद्यात बुडालं. सगळं कसं आधीपासून रचून ठेवलेलं. उरली होती मुखेडहून बापानं लग्नात दिलेली तांब्या-पितळेची भांडी: हंडे, घागरी, परात, दोन मोठी पातेली.

"ताई, मोडीचा भाव घ्या आन् मोकळ्या व्हा," वकील म्हणाले.

"मला मोडीत काढली त्यानं. भांड्याला न्हाई काढू देणार," शिवकांता म्हणाली. आणि कोर्टात जज्जसाहेबांसमोर उभं राहून तिनं ठणकावून सांगितलं, "माझं नाव ज्याच्यावर हाय ते समदं माझं. एक वाटी जास्तीची नको."

कोर्टानं हुकूम दिला तोही तसाच. ज्यावर शिवकांताचं नाव, ते शिवकांताचं.

झालं, मन्मथ कानस घेऊन बसला. देवळातला प्रसादसुद्धा वजन करून घेईल असा माणूस तो. त्यानं एकेका भांड्यावरचं 'शिवकांता' घासून काढलं आणि बाजारातल्या माणसाकडून त्या जागी आपल्या आईचं, गंगम्माचं नाव घालून घेतलं.

मे महिन्यातल्या दुपारी बेलीफ व्यंकटराव दोन पंच घेऊन शिवकांतासोबत त्या दारात आले. टँकरची वाट बघत गल्लीभर रिकामे डबे ओळीनं मांडले होते. गंगम्मा उंबऱ्याशी बसली होती. तिच्यामागं नवी सून शिवगंगा, पदराचं टोक दातात धरून. पोर विशीचीही नसेल.

भांडी अंगणात आली. पहिल्या घागरीवर 'गंगम्मा'. दुसरीवर 'गंगम्मा'. परातीवर तेच.

"वाच की गं मोठ्यानं," गंगम्मा म्हणाली. "शाळा शिकलेली न्हवं का तू?"

शिवकांताच्या अंगाची लाहीलाही झाली. पण रडायचं तर या दारात नाही, हे तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. ती पायरीवर फतकल मारून बसली, पिशवीतून चिंच काढली आणि घागर पुढ्यात ओढली.

"पानी मिळणार न्हाई," मन्मथ म्हणाला.

"मागितलं कुनी?"

तिनं चिंच तोंडात धरून ओली केली आणि घासायला लागली. तांबं लाल होत गेलं. 'गंगम्मा'चे ठिपके फिके पडले, पडत पडत दिसेनासे झाले, आणि त्यांच्या जागी 'शिवकांता' उमटलं. वेलांटी डावीकडं जरा जास्तच ओढलेली. मुखेडच्या बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचा तो हात तिनं लगेच ओळखला.

"दाबून घातलेलं नाव असतंय," व्यंकटराव म्हणाले. "खालून वर येतंय कधी कधी."

ते खरं असेल. पण बाकीच्या भांड्यांना तिनं चिंच लावलीच नव्हती, आणि बेलीफ ती उचलत गेले तशी त्यांच्यावरही तिचंच नाव निघत गेलं. शिवकांताला मनातून गुदगुल्या झाल्या. मन्मथचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग एका पंचाचं लक्ष फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडं गेलं. नवा कोरा डबा, दुकानाचा कागदही अजून तसाच चिकटलेला. पंचानं सहज नखानं कागद सोलला.

खाली 'शिवकांता'. वेलांटी डावीकडं ओढलेली.

"ह्यो माझा न्हाई," शिवकांता पटकन म्हणाली. "म्या गेल्यावर घेतलाय ह्यो." आणि मुखेडचा तो म्हातारा तर तिचा खटला सुरू व्हायच्या आधीच वारला होता. हे तिला आठवलं.

"हुकूम नावाचा हाय, बाई," व्यंकटराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

दाराच्या पितळी कडीवर तेच नाव होतं. मन्मथच्या हातातल्या तांब्यावर होतं. त्यानं तांब्या टाकून दिला, निम्म्यावर पाणी होतं तरी.

"घेऊन जा समदं," तो म्हणाला. "जा म्हन्तो ना!"

"माझं तेवढंच नेनार." तिनं डबा पायरीवर ठेवला, तांब्या उचलून त्याच्या शेजारी ठेवला आणि आपली भांडी हातगाड्यावर चढवली. मान वर करून ती गल्लीतून निघाली.

दिवेलागणीला नव्या खोलीत तिनं चूल पेटवली. भांडी भिंतीला लावून मांडली. दारात सावली पडली.

शिवगंगा होती. हातात कपड्यांचं बोचकं.

"आत्याबाईनं धाडलंय, अक्का," ती म्हणाली. "म्हनल्या, ज्याची चीज त्याच्याकडं जाऊन ऱ्हा. बांगड्या घरच्या म्हून उतरवून घेतल्या."

तिनं मनगट पुढं केलं.

शिवकांतानं ते चुलीच्या उजेडात धरलं. गोंदण असेल असं तिला वाटलं. पण ठिपके हिरवे नव्हते. बोट फिरवलं तर खरखरीत लागत होते, आणि गार. वेलांटी डावीकडं ओढलेली.

तिचा संताप उसळून आला. "तू चीज न्हाईस कुनाची. माझीबी न्हाईस. कळलं? ऱ्हायचं तर मानसावानी ऱ्हा. हात धू आन् पीठ मळ."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली. पदर खोचून घागरीतलं पाणी घ्यायला वाकली, आणि तिचं मोकळं मनगट घागरीच्या काठाला लागलं.

भांड्यावर भांडं आपटावं तसा खणकन आवाज झाला, आणि बराच वेळ घुमत राहिला.