नोटेच्या घडीतलं नाणं

चिमीने त्या नोटेकडे हात नेला आणि त्याच क्षणी समोरूनही एक हात आला. दोघांची बोटं एकाच चिमुकल्या पुडीवर टेकली.

"मी आधी पाहिलं हे," चिमी म्हणाली.

"पाहिलं असेल. धरलं मी आधी," समोरचा म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळून हसला. हात मात्र त्याने काढला नाही.

एका शाळेच्या सभागृहात जुनी नाणी, नोटा आणि तिकिटं जमवणाऱ्यांचा मेळावा भरला होता. टेबलामागे निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. वर्गातली भांडणं सोडवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे एकदाच पाहिलं.

"काय दिसलं तुम्हाला त्यात?" त्यांनी विचारलं. "ह्यांच्या रेनकोटाच्या खिशात सापडलं. ते गेल्यावर सहा वर्षांनी काल तो धुवायला काढला."

चार घड्या घातलेली एक जुनी नोट होती आणि तिच्या पोटात एक नाणं. भिजून, वाळून, पुन्हा भिजून दोन्ही असं एकजीव झालं होतं की कुठे कागद संपतो आणि कुठे धातू सुरू होतो, ते कळत नव्हतं. चिमीला घडीच्या कोपऱ्यात एक फिकट निळा आकडा दिसला होता. त्या मालिकेची नोट तिच्या संग्रहात नव्हती. आणि समोरच्याला झिजलेल्या कागदातून नाण्याची कड दिसली होती. कडेवर नाजूक वेलबुट्टी असावी असं त्याला वाटलं, अगदी थोड्या नाण्यांवर असते तशी.

"मला नोट हवी," चिमी म्हणाली.

"मला नाणं."

"मग भांडण कुठे आहे?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दोघं मिळून घ्या आणि वाटून घ्या."

"ओढून काढलं तर नोट फाटेल," चिमी घाईने म्हणाली. ती सार्वजनिक ग्रंथालयात जीर्ण पुस्तकं दुरुस्त करायची. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही पान फाटलं नव्हतं, आणि याचा तिला थोडा गर्वही होता. "आधी कागदाची तब्येत बघावी लागेल. वेळ लागेल."

"मला घाई नाही," तो म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी भिंगाखाली नाणी घेऊन बसायचं, असा त्याचा क्रम. "पण तोवर ठेवायचं कुणाकडे?"

शेवटी ठरलं की एक आठवडा तिच्याकडे आणि एक आठवडा त्याच्याकडे. दर रविवारी चार वाजता तो तिच्या घरी येणार. एका रविवारी पुडी न्यायला, पुढच्या रविवारी द्यायला.

चिमी भाऊ आणि वहिनीबरोबर राहायची. पहिल्या रविवारी चष्मेवाला पाच मिनिटं बसला. दुसऱ्या रविवारी अर्धा तास. पुढे चहा, मग गप्पा, आणि गप्पांतून हमखास वाद.

"नोट म्हणजे कागदावर लिहिलेला शब्द," तो म्हणायचा. "नाणं ही वस्तू आहे. शंभर वर्षं मातीत पुरा, धुतल्यावर हसत बाहेर येईल. तुमची नोट एकदा शर्टाच्या खिशात धुतली गेली की संपली."

"म्हणून तर जपायची," चिमी म्हणायची. "जे आपलं आपण टिकतं, त्याच्यावर काय जीव लावायचा?"

यावर तो गप्प झाला. इतका वेळ गप्प, की आपण काही लागट बोललो की काय, या विचाराने ती आठवडाभर अस्वस्थ राहिली. पुढच्या रविवारी त्याने येताच सांगितलं, "विचार केला. मुद्दा बरोबर आहे तुमचा." तेव्हा तिला बरंही वाटलं आणि उगाचच धडधडलंही. बरं वाटायचं कारण कळत होतं. धडधडायचं काय कारण?

एका रविवारी पाऊस कोसळत होता. आज कसला येतोय, असं म्हणत ती खिडकीपाशी दहादा जाऊन आली. चारला दोन मिनिटं असताना तो दारात उभा राहिला. नखशिखांत भिजलेला, पण पुडी चष्म्याच्या डबीत कोरडी ठणठणीत.

"एवढ्या पावसात यायची गरज होती का?" टॉवेल देत ती म्हणाली.

"पाळी होती ना."

त्याने धुरकट झालेला चष्मा काढला. चष्म्याविना त्याचा चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा वाटला. कुणाच्या खोलीत न विचारता डोकवावं, तसं तिला झालं.

"चष्मा नसताना तुम्हाला काय दिसतं?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

"तुम्ही दिसता." तो डोळे किलकिले करून बघत राहिला. "फक्त... कडा नाहीत."

या वाक्याचा अर्थ काय लावायचा? चिमीने तीन रात्री लावून पाहिला. नाण्यांच्या कडा बघणाऱ्या माणसाने असं म्हणणं म्हणजे चांगलं की वाईट? शनिवारी तिने कोंबडीपालनाच्या पुस्तकाची सोळा पानं उलटी शिवली आणि सगळा टाका उसवून पुन्हा शिवत बसली.

"तो नाण्यासाठी येतो की तुझ्यासाठी?" वहिनीने एकदा कपबशा विसळता विसळता विचारलं.

"नाण्यासाठी. ते तर ठरलेलंच आहे."

"आणि तू कशासाठी थांबलीयेस? तुझं ते कागदाचं तपासणं अजून संपलं नाही?"

"कागद नाजूक आहे, वहिनी."

"हो गं बाई. कागदच नाजूक आहे," वहिनी म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं फार बोचलं, कारण चिमी खोटं बोलत होती. पुडी तिच्याकडे पहिल्यांदा राहिली, तेव्हाच तिने एका कोपऱ्यावर ओला कुंचला फिरवून पाहिला होता. कागद चिवट होता. दोन दिवस ओलाव्यात ठेवला असता, तर सहज उलगडला असता. मग आपण का थांबलो? नोट हवी होती म्हणूनच तर तिने पुडी घेतली होती. पण पुडी उघडली, की नोट आपली आणि नाणं त्याचं. पुढच्या रविवारी चार वाजता घरात नुसते चारच वाजणार.

तेराव्या रविवारी तो आला, तो बसलाच नाही.

"आता उघडूया का?" उभ्या उभ्याच त्याने विचारलं.

चिमीने पुढे केलेली पुडी मागे घेतली. "अचानक?"

"तीन महिने झाले."

म्हणजे याला कंटाळा आला. नाणं घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. "बरं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बुधवारी ग्रंथालयात या. जेवणाच्या सुट्टीत."

बुधवारी तो वेळेवर आला. दुरुस्तीच्या खोलीत खळीचा मंद वास भरला होता. तिने दोन दिवस ओलाव्यात ठेवलेली पुडी टीपकागदावर ठेवली, हाडाची चपटी पट्टी हातात घेतली आणि पहिली घडी अलगद सोडवली. मग दुसरी. तो शेजारी वाकून उभा होता. त्याच्या बाहीला तिची बाही हलकेच लागत होती. तिसरी घडी सुटली. चौथीला मात्र तिच्या मनात आलं, की झालं, आता हा जाणार. तेवढ्यात पट्टी सरकली आणि नोट मधोमध फाटली.

दोघंही त्या फाटक्या रेषेकडे बघत राहिले.

"माझ्या हातून कधी फाटत नाही," चिमी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले, आणि एका नोटेसाठी आपण रडतोय, याचं तिलाच नवल वाटलं. "कधीच नाही."

"राहू दे," तो म्हणाला. त्याने नाणं उचललंसुद्धा नाही.

"तुमचं नाणं बघा तरी."

"साधंच आहे. कुठल्याही डब्यात दहा मिळतील."

"न बघता?"

"दुसऱ्याच आठवड्यात वजन केलं होतं." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "जे मला हवं होतं, ते बरंच जड असतं. तेव्हाच कळलं, की हे ते नाही."

चिमीने पट्टी खाली ठेवली. "मग इतके रविवार कशाला आलात?"

"नाण्यासाठी येतो, असं सांगत होतो. आणि तुम्ही दार उघडत होता. पण नाणं नसतं, तर उघडलं असतंत का? ते कळेना म्हणून म्हटलं, एकदाचं हे निमित्त संपवावं." तो थांबला. "आता आपणहून येणार नाही मी. तुम्ही बोलावलंत तर... येईन."

इतकं स्वच्छ बोलणं चिमीने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आता तिने एकच शब्द बोलायचा होता. पण डोक्यात नुसता गोंधळ उडाला. हा कंटाळला असं आपण समजलो, आणि हा तर... तिच्या तोंडून निघालं, "मला टीपकागद आणायचे आहेत."

त्याने मान हलवली आणि तो गेला. नाणं टीपकागदावरच राहिलं.

रविवारी चार वाजले. वहिनीने सवयीने एक कप जास्त मांडला आणि मुकाट्याने उचलून ठेवला.

"टीपकागद?" सगळं ऐकल्यावर वहिनी म्हणाली. "माणूस एवढं बोलला आणि तू त्याला टीपकागद सांगितलेस?"

"मला काही कळेना झालं होतं, वहिनी."

"आता कळलंय?"

चिमी उठून खिडकीपाशी गेली. "नाही," ती म्हणाली. "पण चार वाजल्यापासून मला इथे बसवत नाहीये."

त्या सोमवारी ग्रंथालयाला सुट्टी होती. चिमी दुपारी त्याच्या दुकानात शिरली. तो एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होता. तिला बघून त्याच्या हातातला स्क्रू पडला आणि काउंटरखाली घरंगळत गेला. आजोबांचं काम होईपर्यंत ती एका खुर्चीवर ताठ बसून राहिली.

"डोळे तपासायचे आहेत," आजोबा गेल्यावर ती म्हणाली.

त्याने काही विचारलं नाही. तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, तिच्या नाकावर जड चौकट ठेवली आणि कानामागे ती नीट केली. त्याची बोटं थंडगार पडली होती. एकामागून एक काचा त्याने चौकटीत सरकवल्या.

"ही बरी की ही?"

"पहिली."

"आणि आता?"

"दुसरी. नाही... पहिलीच. दोन्ही सारख्याच आहेत."

"घाई नाही. सावकाश सांगा."

तिने सगळ्या ओळी वाचल्या, अगदी तळाची बारीकसुद्धा. त्याने चौकट उतरवली. "तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही."

"माहीत आहे मला."

तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी खडखडत शटर वर केलं.

"नोट मी पहिल्याच आठवड्यात उघडू शकले असते," चिमी म्हणाली.

"कागद तयार नाही म्हणाला होतात."

"कागद तयार होता."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याच्या चेहऱ्यावर आता तिच्याइतकाच गोंधळ होता. चिमीला ते बघून फार बरं वाटलं. इतके दिवस आपण एकटेच गोंधळलोय, असं तिला वाटत होतं.

"मग आता?" त्याने हळूच विचारलं. "तुम्ही... म्हणजे मी..."

"दुकान किती वाजता बंद करतोस?" तिने विचारलं.

तो सांगायला गेला आणि मध्येच अडखळला. त्या 'करतोस'पाशीच त्याचं मन थबकलं होतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अक्षरांच्या पाटीमागचा दिवा त्याने विझवला, परत लावला, परत विझवला.

"साडेसातला," तो म्हणाला. "पण तू म्हणत असशील, तर आत्ता करतो."