बुधवार पेठेतल्या व्हॉल्व्हची चोरी

रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत गुरुनाथचा फोन वाजला.

"घरात चोरी झालीय," जुने स्नेही हेमचंद्रराव म्हणाले. "ताबडतोब ये. पोलिसांना कळवायचं नाही. चोर घरातलाच आहे."

गुरुनाथला बऱ्याच दिवसांत कुणी ताबडतोब बोलावलं नव्हतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो आयुष्यभर वॉरंटीच्या कामात होता. मोडून परत आलेला पंप किंवा जळकी मोटर टेबलावर घ्यायची आणि दोष बनवणाऱ्याचा, बसवणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा ते सांगायचं. दोन हजार आठच्या त्या हिवाळ्याच्या तोंडावर डेट्रॉइटभोवतीच्या कंपन्यांनी माणसं घरी पाठवायला सुरुवात केली. त्यात दोष शोधणाराही घरी आला. बायको रेणू नोकरीवर जायची आणि हा खिडकीतून शेजाऱ्याच्या झाडाची पानं मोजायचा.

त्याने कोट चढवला आणि नोव्हायहून हेमचंद्ररावांच्या उपनगराची, ट्रॉयची वाट धरली.

दार हेमचंद्ररावांच्या पत्नीने, पद्मजावहिनींनी उघडलं. सत्तरीची बाई, अंगात जाड स्वेटर, कपाळावर रोजच्यासारखं मेणावर बसवलेलं रुपयाएवढं कुंकू. डोळे मात्र रात्रभर जागल्यासारखे. "या भावजी," एवढंच म्हणून त्या आत वळल्या.

दिवाणखान्यात हेमचंद्रराव ॲम्प्लिफायरसमोर खुर्चीत ताठ बसले होते. गाडीतला आवाज कुठून येतो हे शोधणं हा त्यांचा धंदा होता. चालत्या इंजिनाशी कान नेऊन कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे आणि तरुण इंजिनिअर यंत्रं लावून तेच उत्तर काढायचे. आता निवृत्त होऊन ते फक्त गाणं ऐकत. समोरचा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः जोडलेला, जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवर चालणारा. जुन्या रेडिओत असत तसे, काचेच्या बल्बसारखे चार मोठे व्हॉल्व्ह त्यावर रांगेत उभे होते.

छतावरच्या धुराच्या अलार्मने टिक् करून बारीक शीळ घातली. बॅटरी संपत आली की या देशातलं प्रत्येक घर असं चिवचिवतं. गुरुनाथने वर पाहिलं. "बॅटरी बदलायला झालीय."

"कसली बॅटरी?" हेमचंद्रराव म्हणाले. "इकडे बघ."

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. दोनेक वर्षांपासून रेकॉर्डमधल्या तंबोऱ्याची जवारी हरवली होती. तारेभोवती सुरांचा जो बारीक झंकार घुमतो, तोच नाही. गवई जागेवर, तबला जागेवर, वरचा झंकार गायब. म्हणजे व्हॉल्व्ह म्हातारे झाले. मग सुरू झाली निवड. रशियाचे आणून पाहिले, स्लोव्हाकियाचे पाहिले, वसंतात चीनचे. दर वेळी आठवडाभर घरात लग्नघरासारखा उत्साह, मग पुन्हा तेच. शेवटी काल त्यांनी ठेवणीतला डबा काढला.

त्या डब्यात बुधवार पेठेतल्या एका रेडिओवाल्याकडून घेतलेले चार विलायती व्हॉल्व्ह होते. अमेरिकेला येताना पायमोज्यांत गुंडाळून आणलेले, कधीच न वापरलेले. देवघराच्या खालच्या फळीवर तो डबा असे. दर दसऱ्याला हेमचंद्रराव तो उघडत आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट एकेका व्हॉल्व्हच्या काळ्या बुडाला लावत.

"काल हे डब्यातून काढून बसवले. अर्धा तास ऐकलं. जवारी नाही. मग नीट पाहिलं. माझ्या व्हॉल्व्हच्या माथ्याशी आत दोन गोल कड्या होत्या. यांना एकच आहे, तीही चौकोनी. हे वसंतातले चिनी आहेत. वरची छपाई पुसलीय आणि मला फसवायला कुंकूही लावलंय."

"कुणी?"

"संग्रामने. दुसरं कोण?"

संग्राम त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहणारा तरुण. मूळचा साताऱ्याचा, इथे व्हिसावर, नोकरी नुकतीच गेलेली. दुसऱ्या राज्यात, हर्नडनला विनय नावाचा हेमचंद्ररावांचा जुना शिष्य कंपनी चालवत होता आणि सरांच्या शब्दावर याला घ्यायला तयार होता. ती नोकरी मिळाली नाही तर संग्रामला देश सोडावा लागणार होता.

"इंटरनेटवरून व्हॉल्व्ह मागवून देणारा तोच. जुन्यांना काय मोल आहे ते त्यालाच ठाऊक. दसऱ्याला शेजारी उभा राहून कुंकू लावताना बघितलंन. काल रात्री बाहेर काढला त्याला. उद्या सकाळी विनयला फोन करणार. चोराची शिफारस मी करणार नाही."

"उद्यापर्यंत थांबा," गुरुनाथ म्हणाला.

त्याने व्हॉल्व्ह एकेक करून हातात घेतले. चारही बुडांवर कुंकू होतं आणि चारही ठिकाणी ते ओघळून खाली आलं होतं. ओघळाच्या कडेला त्याने नख लावलं. नखाखाली काहीतरी तुळतुळीत आलं. त्याने ते बोटांत चोळून पाहिलं आणि रुमालाला पुसलं.

वर पुन्हा शीळ वाजली. स्वयंपाकघरात पद्मजावहिनींच्या हातातली बशी हलली. हेमचंद्रराव शांतपणे व्हॉल्व्हकडे बघत होते.

गुरुनाथ पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

"डब्याला कुलूप असतं?"

"देवाजवळच्या वस्तूला कसलं कुलूप, भावजी?"

"संग्रामने नेले असं वाटतं तुम्हाला?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं.

"मग?"

त्यांनी नळ सोडला. "तो बुधवार पेठेतला दुकानदारच लबाड असेल. त्या काळीच खोटे दिले असतील. कोण विचारायला जातंय आता त्याला?"

"अलार्मची बॅटरी कोण बदलतं?"

"संग्राम. माझा हात पोचत नाही."

संग्राम नोव्हायला एका मित्राच्या सोफ्यावर मुक्कामाला होता. दाढी वाढलेली, बॅग न उघडलेली. गुरुनाथने सरळ विचारलं.

"व्हॉल्व्ह तू बदललेस?"

"नाही काका. मला विकायचेच असते तर कधीच विकले असते, डबा उघडाच असतो. तुम्ही हवं तर बॅग चेक करा."

"कुंकू आहे तुझ्याकडे?"

तो ओशाळून हसला. "आईने देवाचा फोटो दिलाय, तोही बॅगेत तळाशी आहे. कुंकू कुठून आणू?"

"आणि त्या जवारीचं काय? प्रत्येक नव्या सेटबरोबर तूही ऐकायला बसायचास ना?"

संग्रामने मान खाली घातली. "मला तर सगळ्याच सेटमध्ये ऐकू यायची. रशियन, चायनीज, सगळ्यांत. हेमचंद्रकाका 'नाही' म्हणायचे म्हणून मीपण 'नाही' म्हणायचो. त्यांचे कान म्हणजे... मी कोण त्यांना करेक्ट करणार?"

गुरुनाथ गाडीत येऊन बसला, पण चावी फिरवेना. वॉरंटीच्या टेबलावर परत येणाऱ्या भागांत निम्म्या भागांना काहीच झालेलं नसे. दोष गाडीत दुसरीकडेच असे आणि लोक धडधाकट पंप बदलत बसत. अशा भागाला एक चिठ्ठी बांधायची असे, 'नो ट्रबल फाउंड'. ती बांधताना त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटत होतं. खरं बोललं तर म्हाताऱ्याचं सगळं जात होतं, नाही बोललं तर पोराचं. गप्प बसायचा मोह त्याला झाला, नाही असं नाही. पण बॅग न उघडता बसलेला पोरगा डोळ्यांसमोरून हलेना.

दुपारी तो ट्रॉयला परतला आणि नवरा-बायको दोघांनाही समोर बसवलं.

"हेमचंद्रराव, कुंकू तुम्ही कशात कालवता?"

"पाण्यात. सांगितलं की."

"पाण्यातलं कुंकू वाळून बसतं. व्हॉल्व्ह तापला तर काळवंडेल, फार तर झडेल, पण ओघळणार नाही. नुसती पूड गुळगुळीत बुडाला चिकटणारच नाही. हे ओघळलं, कारण खाली मेण होतं. व्हॉल्व्ह तापले, मेण वितळलं आणि कुंकू घेऊन खाली आलं. मला नखाखाली सापडलं ते."

हेमचंद्ररावांनी एक व्हॉल्व्ह उचलून बुडाला नख लावून पाहिलं.

"सत्तावीस वर्षांच्या मुलाने तुमची नक्कल केली असती तर पाण्यात बोट बुडवलं असतं, दसऱ्याला त्याने तेच पाहिलं होतं. आधी मेण लावून मग कुंकू टेकवायचं, हे ज्या हाताला रोज सकाळची सवय आहे त्याच हाताने केलं. न विचार करता केलं. या घरात असा हात एकच आहे."

पद्मजावहिनींचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"मीच," त्या म्हणाल्या. "मीच बदलले."

"पण का?" हेमचंद्रराव म्हणाले.

त्यांनी गुरुनाथकडे पाहिलं. तेव्हा गुरुनाथलाच बोलावं लागलं. "सकाळपासून छतावरचा अलार्म शीळ घालतोय. मी दचकतो, वहिनी दचकतात. तुम्हाला ती शीळ एकदाही ऐकू आलेली नाही. जवारीसारखाच तोही उंच, बारीक आवाज आहे. व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता, रशियाच्याही नाही आणि चीनच्याही नाही."

वर टिक् झालं. दोघांनी नकळत मान उचलली. हेमचंद्ररावांनी त्या दोन वर गेलेल्या माना पाहिल्या.

"व्हॉल्व्ह बदलता येतो हो," पद्मजावहिनी म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. "तुम्ही नवा सेट निवडायला बसलात की पहिल्यासारखे दिसायचात. पण त्या डब्यानंतर निवडायला काहीच उरलं नसतं. म्हणून डब्यात हे चिनी ठेवले. वाटलं, दुकानदाराने फसवलं म्हणाल. तो कधीच गेला असेल, मेलेल्या माणसावर आळ आला तर कुणाचं काय जातं? त्या मुलाचं नाव घ्याल असं स्वप्नातही आलं नव्हतं. काल रात्रीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

गणपतीच्या मखराच्या खोक्यातून त्यांनी पायमोज्यांत गुंडाळलेले चार व्हॉल्व्ह आणून दिले. माथ्याशी दोन-दोन गोल कड्या, बुडावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाची सुकलेली पुटं.

हेमचंद्ररावांनी ते स्वतः बसवले. काचेच्या आतल्या तारा तांबूस होईपर्यंत तिघं थांबले. मग त्यांनी रेकॉर्डवर सुई ठेवली.

तंबोरा सुरू झाला. जवारी अशी घुमली की गुरुनाथच्या अंगावर काटा आला. पद्मजावहिनींनी पदर तोंडाशी धरला. हेमचंद्रराव डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते, पूर्वी इंजिनाशी ऐकत तसे. बराच वेळ गेला. गुरुनाथ मनात कुठल्या कुठल्या देवाला हात जोडत राहिला.

त्यांनी डोळे उघडले आणि सुई उचलली.

"हेही खोटे आहेत," ते म्हणाले.

"अहो, मी सांगतेय ना..."

"तू पोराला पाठीशी घालतेयस. तुला लळा होता त्याचा. आणि गुरुनाथ, तू आयुष्यभर कंपनीचे पैसे वाचवलेस, तुला आवाजातलं काय कळतं? माझे कान मला माहीत आहेत."

सोमवारी सकाळी त्यांनी हर्नडनला फोन केला.

पद्मजावहिनींनीही केला, चोरून. विनय अदबीने म्हणाला की काकू असं म्हणणार हे सरांनी आधीच सांगून ठेवलंय. गुरुनाथने केला तेव्हा तो एवढंच म्हणाला की मी तुम्हाला ओळखत नाही, सरांना ओळखतो.

त्याच आठवड्यात गुरुनाथने संग्रामला विमानतळावर सोडलं. आत जाताना संग्राम वळून म्हणाला, "काका, त्या अलार्मला चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लागते. काकूंना सांगा."

परतताना ती बॅटरी घेऊन गुरुनाथ ट्रॉयला गेला. हेमचंद्रराव संगणकासमोर बसले होते, चष्मा कपाळावर, चेहरा कधी नव्हे इतका टवटवीत. झालेल्या प्रकाराचा एक शब्दही त्यांनी काढला नाही.

"बरा आलास," ते म्हणाले. "रशियात एक नवा कारखाना हे व्हॉल्व्ह करतोय म्हणे. जुन्या विलायतीच्या तोडीचे. आणि इकडे स्लोव्हाकियाचे जाड काचेचे. तुझं काय मत? कुठले घेऊ?"

वर टिक् झालं. पद्मजावहिनी चहाचा कप हातात धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी गुरुनाथकडे पाहिलं आणि काहीच खूण केली नाही.

आयुष्यभर दोष जिथे आहे तिथेच बोट ठेवणाऱ्या माणसाने खिशातली बॅटरी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघितलं.

"रशियाचे घ्या," तो म्हणाला.