शुक्रवारचे बिझनेस क्लास प्रवासी

फोन चुकीच्या टेबलावर लागला होता.

साखर कारखान्याच्या चेअरमनना दिल्लीला जायचं होतं, पुण्याहून, बिझनेस क्लासनं. कालचा भाव आज चढला होता. म्हणून कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, हंबीररावांच्या ट्रॅव्हल ऑफिसातून दीक्षानं विमान कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. पलीकडून एक शांत, जरासा झोपाळू आवाज आला.

“तिकिटं आम्ही देत नाही, मॅडम. आम्ही फक्त भाव ठरवतो.”

“मग कमी ठरवा की.”

पलीकडे कुणीतरी हसू दाबलं…

“ज्याचं आधीपासून ठरलेलं असतं त्याला स्वस्त. ज्याला उद्याच जायचंय त्याला महाग. आणि मागणी वाढली की कॉम्प्युटर आपोआप भाव चढवतो.”

“म्हणजे नडलेल्या माणसाला लुटताय.”

“आम्ही त्याला धोरण म्हणतो,” आवाज म्हणाला. मग थांबून — “मी प्रसेनजीत.”

*

(नियम: पैसे न भरता धरलेली सीट संध्याकाळी आपोआप सुटते.)

हा नियम दीक्षाला पाठ होता. पुढच्या शुक्रवारी तिनं नेसरीच्या चिमणाबाई आत्याच्या नावानं पुढच्या रांगेतली एक सीट धरली आणि भाव विचारायला मुद्दाम त्याच टेबलावर फोन लावला. आत्यानं विमान फक्त आभाळात पाहिलेलं. त्यानंतर ज्ञानू. मग जोतीराम. शुक्रवारमागून शुक्रवार आत्याची सगळी गल्ली दिल्लीला निघायची आणि संध्याकाळी घरीच असायची.

“हे जोतीराम करतात काय?”

“म्हशी हायेत त्यांच्या.”

“आणि बिझनेस क्लासनं…?”

“म्हशी चांगल्या हायेत.”

तो हसायचा. त्या हसण्यावर तिचा शनिवार जायचा, रविवारसुद्धा.

*

(नियम: सीट सुटली तरी मागणीची नोंद राहते; ती खरी की खोटी, हे कॉम्प्युटर विचारत नाही.)

भाव चढतच गेला. एका दुपारी हंबीरराव तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“दीक्षे, चेअरमन आता रेल्वेनं जातो म्हणत्यात. त्यांचं तिकीट गेलं तर मी हितं कुलूपच घालतो बघ.”

आपल्या चिमणाबाईनं, आपल्या जोतीरामनं ही वेळ आणली. त्या शुक्रवारी तिनं सीट धरली नाही. फोनवर हात ठेवला… उचलला… आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

*

पुढच्या आठवड्यात दारात एक तरुण उभा राहिला. चुरगळलेला शर्ट, खांद्याला बॅग, केसांत प्रवासाची धूळ.

“या पावणं, बसा की,” हंबीरराव म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

“म्हशीवाल्या जोतीरामांना भेटायचं होतं,” पाहुणा म्हणाला.

तोच आवाज. दीक्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“जोतीरामला दिल्ली कुठं हाय ते ठाऊक न्हाई,” ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली. “सगळ्या सीटा मीच धरल्या. भाव विचारायला.”

“भाव तर तुमच्या स्क्रीनवर दिसतो.”

“आवाज दिसत न्हाई.”

वर पंखा कुरकुरत राहिला.

“मला चिमणाबाईंच्या वेळीच संशय आला होता,” तो हळूच म्हणाला. “खोट्या बुकिंगांच्या नोंदी उडवणं माझंच काम. उडवल्या नाहीत… मग शुक्रवारी फोन कशाला आला असता? आणि गेल्या शुक्रवारी तो आलाच नाही. तेव्हा सगळ्या उडवल्या, भाव खाली आणला, आणि निघालो.”

“कंपनीनं पाठवलं?”

“रजा काढून आलोय.”

तिनं आता कुठं वर पाहिलं. डोळे आवाजासारखेच होते, जरा झोपाळू.

“मग आता शुक्रवारी मी काय निमित्तानं फोन करू?”

“करू नका. मीच येतो की.”

“‘की’ लवकर शिकला. विमानानं येणार?”

“एसटीनं. मागणी कितीही वाढू दे, तिथं पुढच्या सीटलाही तोच भाव.” तो थांबला. “फक्त… जागा आधी धरावी लागते.”

निघताना त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर अलगद टाकला. स्टँडवर गाडीच्या खिडकीतून टाकतात तसा.

संध्याकाळी कुलूप घेऊन आलेले हंबीरराव म्हणाले, “पावण्यांचा रुमाल ऱ्हायला की गं.”

“ऱ्हायला न्हाई,” दीक्षा म्हणाली. “टाकलाय.”