टाकून द्यायचा भाग

भागोजीबुवांचं शेवटचं कीर्तन तळ्याकाठच्या मारुतीसमोर झालं. काय रंगलं होतं ते! टाळ थांबायला तयार नव्हते. पण निरूपण ऐन भरात असताना बुवा दोनदा अडले, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "आलो रे बाबा, एवढा अभंग होऊ दे." आरतीला उभे राहिले, ते तिथंच कोसळले. तेव्हापासून गाव म्हणतं, बुवांना भ्रम झाला होता.

हे बोलणं बुवांच्या बायकोच्या, कमळकाकीच्या फार जिव्हारी लागायचं. म्हणून पुतणी सुचितानं ठरवलं, वर्षश्राद्धाला तेच कीर्तन स्वच्छ करून ऐकवायचं. त्या दोन जागा तेवढ्या कापायच्या. आकडेमोडीचे प्रोग्राम लिहिणं हे तिचं रोजचंच काम.

आवाजातले सूर सुटे केले की ते संमिश्र संख्यांच्या ॲरेत, म्हणजे घरांच्या रांगेत बसतात. एकेका घरात वास्तव भाग आणि काल्पनिक भाग, अशी जोडी. खरखर पुसायची, सगळं पुन्हा जुळवायचं. जुळलं की काल्पनिक भागात शून्यच उरतं. तो टाकून देतात.

इथं शून्य उरेना.

सुचितानं आधी स्वतःवरच संशय घेतला. सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडेना. तेव्हा तिनं तो टाकायचा भागच कानाला लावला. बराच वेळ काही नाही. मग बुवा अडले होते नेमक्या त्याच दोन जागी एक अनोळखी, मऊ आवाज आला.

"चला, बुवा."

तिनं रेकॉर्डिंग करणाऱ्या केतनला फोन लावला. "काय मिसळलंस रे यात?"

"ओ ताई, मी माइक लावतो, भुतं नाय लावत!" तो हसला. "बुवांच्या कीर्तनात खोड्या करीन काय मी?"

तिला पटलं नाही. केतनचा हात न लागलेला आवाज हवा होता. तिनं आपला फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत रेकॉर्डिंग चालू करून ठेवला आणि ओटीवर, दारातच बसून राहिली. थोड्या वेळानं तो आणला आणि ते नवं रेकॉर्डिंग त्याच प्रोग्राममधून काढलं.

आधी वास्तव भाग. भांडी. कावळा. काकीचं अभंग गुणगुणणं. ते मध्येच थांबलं.

"आले रे बाबा, येवढं दूध वर येऊ दे."

दारात कुणी आलं असेल? पण दारात तर ती स्वतःच बसली होती.

तिनं काल्पनिक भाग लावला.

"चल, कमळ."

तोच मऊ आवाज.

सुचितानं हेडफोन काढले. "काकी?"

आतून करपल्याचा वास आला. काकीनं आजवर कधी दूध उतू जाऊ दिलं नव्हतं.